ज्याचं नावच माहीत नाही, ते शोधायचं कसं?

माझी पीएच.डी. ग्रंथालय आणि माहितीशास्त्रात आहे. पार्किन्सन्स (कंपवात) झालेली खेड्यातली माणसं माहिती आणि आधार कुठून मिळवतात, हा माझा विषय. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता : ‘पार्किन्सन्सबद्दल माहिती तुम्ही कुठून घेता?’

चाचणी मुलाखतीसाठी मेडशीला मोठेबाबांकडे गेलो. अकोल्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रोगाचं नाव होतं, पण इंग्रजीत. घरात कोणी त्याला वात म्हणे, कोणी म्हातारपण. प्रश्न ऐकून मोठेबाबा म्हणाले, “ते काय असते बापा? माहा हात माह्यं आयकत नाही, एवढंच.”

म्हणजे पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. का, ते समजून घेऊ. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी शब्दात न येणारी खुटखूट. मग मनातला अंधुक प्रश्न. मग नीट मांडलेला प्रश्न. आणि शेवटी ग्रंथालयाला किंवा यंत्रणेला समजेल असा बेतलेला प्रश्न. माझी प्रश्नावली चौथ्या पायरीवर होती, मोठेबाबा पहिल्या.

मग प्रश्न बदलले. पहिल्यांदा काय जाणवलं? कोणाला विचारलं? त्यांनी काय सांगितलं? मोठेबाबा तासभर बोलले. त्यातून तीन वेगळ्या गरजा निघाल्या.

एक, वैद्यकीय : बरं वाटलं की ते गोळी सोडत. लेव्होडोपा असं मनानं अचानक बंद करणं धोक्याचं असतं. वेळाही पाळाव्या लागतात.

दोन, रोजच्या जगण्याची : उंबरठ्याशी पाय चिकटतात. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, तर पुष्कळांना पाऊल उचलायला मदत होते. असं ज्ञान रुग्णांच्या गप्पांतून फिरतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. मेडशीत मोठेबाबांना असा दुसरा रुग्णच माहीत नव्हता.

तीन, हक्काची : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स येतो. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता पद्धतीचा मुद्दा. समोरच्याला उपयोगी माहिती आपल्याला ठाऊक असेल तर काय करायचं? मी मुलाखत पूर्ण होऊ दिली, मग सांगितलं, आणि काय सांगितलं ते डायरीत लिहिलं. गोळीचं मात्र डॉक्टरांनाच विचारायला लावलं. घरचं माणूस असल्यामुळे ही मुलाखत मूळ नमुन्यात धरलेली नाही.

तुम्ही प्रश्नावली छापायच्या आधी एक तक्ता करा : डावीकडे लोकांचे शब्द, उजवीकडे विषयाच्या संज्ञा. माझ्या तक्त्यातली पहिली ओळ ‘हात आयकत नाही’ अशी आहे.

मोठेबाबांच्या उंबरठ्यापुढं आता खडूच्या चार रेघा आहेत. चार वर्षं ते भिंत धरून तिथं थांबत होते.