राक्षस मेला आणि लाइट गेली

सेलूत तेव्हा लाइट जायची ती वेळ पाळून. यायची मात्र तिच्या मर्जीनं. २००५-०६च्या सुमाराचा उन्हाळा. सुट्टीत आलेला आतेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, एका रात्रीपुरता सीडी प्लेअर आणि तीन पिक्चर भाड्यानं घेऊन आला. दोन हिंदी, मारधाडीचे. तिसऱ्याच्या कव्हरवर लोखंडी राक्षस होता, म्हणजे तोही मारधाडीचाच, असा दादाचा हिशोब. 'द आयर्न जायंट'. निघालं कार्टून, तेही इंग्रजीत. दादाचं तोंड एवढंसं झालं.

आम्ही मराठी माध्यमाची पोरं. पण या पिक्चरमध्ये एक सोय होती: राक्षसालाही इंग्रजी येत नव्हतं. होगार्थ नावाचा पोरगा त्याला दगड दाखवून 'रॉक' म्हणतो, झाड दाखवून 'ट्री'. तो शिकत गेला, त्याच्यामागे आम्हीही. शिवाय त्याचं खाणं लोखंड. मनमाड-परभणी मार्गावरच्या गावात वाढलेल्या पोरांपुढे रूळ चावून खाणारा प्राणी आणून ठेवला, तर आणखी काय पाहिजे? आगगाडी त्याला धडकते, तो विखुरतो, आणि मग त्याचे सुटे भाग एकेक करत आपल्या पायांनी धडाकडे परततात. तुटलेला हात बोटांवर चालत होगार्थच्या घरात शिरतो, तेव्हा दादाही उठून बसला. पुढचे कितीतरी दिवस भंगारवाल्याच्या दारातला गंजका ढीग मला कुणाच्या तरी जेवणासारखा दिसायचा.

आजी जपमाळ घेऊन मागे बसली होती. आकाशातून काहीतरी पडलं आणि सगळं गाव घाबरलं, एवढं तिला कळलं. ''स्कायलॅबचं हाय का रे हे?'' तिनं विचारलं. आम्ही हसलो. आज वाटतं, त्या खोलीत पिक्चर नेमका समजला होता तो तिलाच. कथा ऑक्टोबर १९५७ची, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका काल्पनिक गावातली. त्याच महिन्याच्या ४ तारखेला रशियानं स्पुटनिक सोडला होता. जेमतेम ८३ किलोचा गोळा, पण डोक्यावरून फिरतोय म्हटल्यावर अमेरिकेची झोप उडाली. १९७९च्या जुलैत स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक कोसळणार म्हणून आपल्याकडच्या गावागावांत जी धास्ती होती, तीच ही.

मूळ गोष्ट इंग्रज कवी टेड ह्यूजची, १९६८ची. आई गेलेल्या आपल्या लेकरांसाठी त्यानं ती रचली. दिग्दर्शक ब्रॅड बर्डच्या बहिणीचा जीव तिच्या नवऱ्याच्या गोळीनं गेलेला. बंदुकीलाच आत्मा असला आणि तिला बंदूक व्हायचं नसलं तर, या प्रश्नावर त्यानं पिक्चर उभा केला. हे ठाऊक झाल्यापासून हरणाचा प्रसंग मला सरळ बघवत नाही. हरीण राक्षसाच्या बोटाला नाक लावतं, निघून जातं, थोड्या वेळानं शिकाऱ्याची गोळी ऐकू येते. राक्षसाच्या चेहऱ्यावर आहे काय? एक जबडा आणि कॅमेऱ्याच्या झडपेसारख्या पापण्या. बंदूक दिसली की डोळे लाल. एवढ्याशा सामानावर त्याला कळलेलं मरण आपल्याला दिसतं. बाकीची माणसं हातानं काढलेली, राक्षस संगणकावरचा. तो उपरा दिसू नये म्हणून त्याच्या रेषा मुद्दाम थोड्या थरथरत्या ठेवल्या होत्या.

६ ऑगस्ट १९९९ला अमेरिकेत पिक्चर लागला आणि पडला. जाहिरात तोकडी, आणि त्याच दिवशी 'द सिक्स्थ सेन्स' आलेला. लोक तिकडे गेले. जगभरचा गल्ला सव्वातीन कोटी डॉलरच्याही आत, खर्चसुद्धा निघाला नाही. नंतर ॲनिमेशनवाल्यांनी त्याला ॲनी पुरस्कार भरभरून दिले, पण थिएटरं केव्हाच रिकामी झाली होती.

आमच्या रात्रीकडे येतो. गावावर अणुबॉम्बचं क्षेपणास्त्र येत असतं. राक्षस होगार्थला मागेच थांबायला सांगून एकटा वर झेपावतो, डोळे मिटतो, कॉमिकमधल्या आपल्या लाडक्या नायकाचं नाव घेतो. पडदा पांढराफटक होतो. आणि काळा. आम्ही गप्प. हा पिक्चरचाच भाग असणार असं वाटलं. पंखा थांबून घाम फुटला, तेव्हा कळलं की लाइट गेली. ती आली उजाडल्यावर, आणि प्लेअर परत करायची वेळ सकाळी आठची. दादाला भाड्याची धास्ती जास्त.

त्यामुळे आमच्या लेखी राक्षस मेला. लहान बहीण दोन दिवस नीट जेवली नाही.

२०१५मध्ये दोन नव्या प्रसंगांची भर घालून पिक्चर पुन्हा थिएटरात आला. तेव्हा त्याचं नाव कानावर पडूनही मी शेवट शोधला नाही. मेलेल्याचं काय शोधायचं? २०१८मध्ये स्पीलबर्गच्या 'रेडी प्लेअर वन'मध्ये राक्षस अचानक समोर आला, तोही लढाईत हाणामारी करताना. ज्यानं शस्त्र व्हायला नकार दिला, त्यालाच शस्त्र करून मैदानात उतरवलेलं. थिएटरात टाळ्या पडल्या, माझं डोकं फिरलं. त्या रागातच घरी येऊन मोबाइलवर मूळ पिक्चर लावला आणि यावेळी स्फोटाच्या पुढे गेलो.

पुढे होतं. राक्षसाचा सापडलेला एकुलता एक स्क्रू होगार्थकडे येतो. रात्री तो आपोआप हलू लागतो. पोरगा खिडकी उघडून त्याला वाट करून देतो. आइसलँडच्या बर्फात जबडा, पाय, बोटं सरपटत एकाच दिशेनं निघालेली, आणि हिमनदीवर पडलेल्या त्या डोक्याचे डोळे उघडतात.

दादाला फोन लावला. म्हटलं, ''दादा, तो जिवंत आहे.''

''कोण?''

सगळं सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ''म्हणजे अजून पाच-सात मिनिटं लाइट पाहिजे होती.'' आणि त्या रात्री प्लेअरचं भाडं नेमकं कुणाच्या खिशातून गेलं, यावर आमची जुंपली.