एकशेचाळीस मिनिटांचे गणित

ज्यांच्या कामावाचून आपला दिवस सरत नाही, पण ज्यांचे नाव कुणाच्या ओठांवर नसते, अशा माणसांविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. हंगेरीचे गणिती आणि पदार्थवैज्ञानिक कॉर्नेलियस लांत्सोश हे त्यांपैकीच एक.

१८९३ साली सेकेशफेहेरवार येथे एका ज्यू वकिलाच्या घरी ते जन्मले. १९२८-२९ मध्ये बर्लिनला खुद्द आइन्स्टाइन यांचे सहायक झाले. १९३१ साली त्यांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ गाठले. क्षयाने आजारी पत्नी मात्र हंगेरीतच राहिली. १९३९ मध्ये ती गेली. लहानग्या मुलाला त्यांनी अमेरिकेत आणले. मागे राहिलेले बहुतेक आप्त नाझींच्या संहारात बळी पडले.

त्याच काळात, १९४२ साली, त्यांनी डॅनियलसन यांच्यासह गुंतागुंतीच्या लहरीची साध्या लहरींत फोड करण्याची युक्ती मांडली. मोठ्या गणिताचे दोन भाग करायचे, त्यांचे पुन्हा दोन! हाताने ६४ सहगुणक काढायला १४० मिनिटे पुरतात, असे त्यांनी नोंदवले. पण संगणकच हाताशी नव्हते; फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी तीच कल्पना नव्याने, संगणकासाठी मांडली आणि ती त्यांच्या नावे रुजली. आज एमआरआयचे चित्र याच रीतीने उमटते.

पुढे लांत्सोश डब्लिनमध्ये स्थिरावले. १९७४ साली बुडापेस्टच्या भेटीतच त्यांचे निधन झाले. नाव मागे पडले, तरी गणित कामी आले. मला वाटते, आपण निदान नाव तरी लक्षात ठेवावे.