बीट आपली, नाव कुणाचं?

एक कबुली देऊन सुरुवात करतो. सोमवार ते शुक्रवार हेडफोन लावून मी जे काही ऐकतो, त्याला ऑफिसात 'इलेक्ट्रॉनिका' म्हणतो. टेक्नो, हाउस, डाउनटेम्पो... कॅन्टीनमध्ये असले शब्द बरे वाटतात. पण अंगातली हाडं सुटी होईस्तोवर मी आजवर नाचलोय ते फक्त गावाकडच्या वरातीत.

मागच्या लग्नसराईत चुलत बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. गाव गोसीखुर्दच्या शेजारचं, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. हो, तेच धरणाचं गोसीखुर्द. वैनगंगेवरचं, 33 दरवाजांचं. 1988 मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा मी बालवाडीत होतो. नंतरची वर्षानुवर्षं आमच्याकडे कुठल्याही घरात दोनच विषय असायचे, पोरीचं लग्न आणि मोबदला. असो.

तर वरात. पुढे धुमाल पार्टी, मागे डीजेची गाडी. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: धुमाल म्हणजे ड्रम, ताशा, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांचा चालता-फिरता स्फोट. वाजवणारे गाडीवर उभे, कीबोर्डवाला सिनेमाच्या गाण्याची सुरावट धरतो आणि बाकीचे तिचा कोथळा काढतात. मग धुमाल थांबली, डीजेनं सूत्रं घेतली आणि एक ट्रॅक सुरू झाला. सुरुवातीला नुसता ताशा. खाली हळूहळू चढत जाणारा सिंथ. मग सगळं एकदम बंद, दोन सेकंद शुकशुकाट, आणि धाडकन बास! नवरदेवाची आत्यासुद्धा फेटा सांभाळत उडी मारत होती. पुण्यातल्या क्लबात हजार रुपये कव्हर चार्ज भरून मी असला ड्रॉप ऐकलेला नाही.

"कोणाचा आहे बे हा?" मी मामेभावाला ओरडून विचारलं.

"माझाच आहे ना, दादा," तो म्हणाला. नाचत मात्र नव्हता.

तेवढ्यात ट्रॅकमध्येच एक घोगरा आवाज घुमला. कुण्या भलत्याच डीजेचं नाव, भलत्याच गावाचं नाव, वर प्रतिध्वनी.

रात्री पंगती उठल्यावर मंडपामागे खुर्च्या टाकून त्यानं सगळं सांगितलं. तो चोवीस वर्षांचा आहे. दिवसा पवनीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, रात्री सेकंडहँड लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडतो. हा ट्रॅक त्यानं दोन महिने घासला. मग एका साउंडवाल्याला वाजवायला पेनड्राइव्ह दिला. पेनड्राइव्ह परत आला नाही, ट्रॅक मात्र परत आला. यूट्यूबवरून, दुसऱ्याच्या नावानं.

"तक्रार टाक ना," मी म्हटलं.

"कशाच्या जोरावर टाकू? माझं नाव आहे कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणून मी त्याला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण आपल्या शहरात घडलेली असूनही ती आपल्याला परदेशातून कळली.

चरणजित सिंग मुंबईचे. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे सेशन म्युझिशियन. गिटार, बास आणि पुढे सिंथेसायझर. म्हणजे गाणं ज्यांच्यामुळे उभं राहतं आणि पोस्टरवर ज्यांचं नाव येत नाही त्या जमातीतले. नवी यंत्रं आणायची त्यांना भारी हौस. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं त्यांच्याकडे होती: ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 ड्रम मशीन आणि टीबी-303 ही चंदेरी डबी. 303 बनवली होती एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून. तिचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा अजिबात येत नसे. बाजारात ती आपटली आणि 1984 मध्ये कंपनीनं बंदही केली.

1982 मध्ये सिंग यांनी ही तिन्ही यंत्रं एकमेकांना जोडली आणि दहा राग वाजवले. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मेघमल्हार, मालकंस वगैरे. खाली अखंड चालणारा डिस्कोचा ठेका. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. ती कुणी घेतली नाही. शास्त्रीयवाल्यांना डिस्को नको होता, डिस्कोवाल्यांना तोडी नको होता. सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

आता गंमत बघा. बंद पडलेल्या 303 अमेरिकेत सेकंडहँड दुकानांत स्वस्तात मिळू लागल्या. शिकागोच्या पोरांनी तिची बटणं वाट्टेल तशी पिळली आणि त्यातून चिरकत, कण्हत जाणारा एक आवाज निघाला. फ्यूचर या ग्रुपची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड 1987 ची. जगानं त्या संगीताला अ‍ॅसिड हाउस म्हटलं. 2002 मध्ये एडो बाउमन नावाच्या डच रेकॉर्ड-वेड्याला दिल्लीत सिंग यांची जुनी रेकॉर्ड मिळाली. सुई टेकवली आणि तो चक्रावला. शिकागोच्या पाच वर्षं आधी, तोच आवाज, आणि वर राग ललित!

बाउमननं काय केलं? त्याचं स्वतःचं चिमुकलं लेबल होतं, बॉम्बे कनेक्शन. 2010 मध्ये त्यानं ती रेकॉर्ड पुन्हा काढली. झालं! पेपरवाल्यांनी सिंग यांना थेट 'अ‍ॅसिड हाउसचे जनक' करून टाकलं. मला विचाराल तर हे जरा जास्तच. शिकागोच्या पोरांनी सिंग यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. दोघांच्या हाती एकच यंत्र लागलं इतकंच. पण त्यामुळे सत्तरी गाठलेला हा माणूस युरोपात तरुण पोरांसमोर लाइव्ह वाजवायला उभा राहिला, ते पुरे आहे. जुलै 2015 मध्ये ते गेले. आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांत का होईना, त्यांचं नाव त्यांच्या संगीताला चिकटलं.

मामेभाऊ ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे आपला ऑक्टोपॅडबी रोलंडचाच ना?" हो. कंपनी तीच. मी हा धागा कधी जोडलाच नव्हता.

या 1982 चं काय होतं कोण जाणे! आपल्याकडे रंगीत टीव्ही आला ते साल. त्याच साली कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांची, कॅनडात कॅलगरीला रेकॉर्ड केलेली 'डिस्को जॅझ' आली. सरोदवर आशिष खान! तीही पडली. 2019 मध्ये न्युमेरो ग्रुप या शिकागोच्या स्वतंत्र लेबलनं ती परत आणली. आणि तिकडे ब्रिटनमध्ये मोहिंदर कौर भामरा या गुरुद्वारात आणि लग्नात गाणाऱ्या बाईंनी, मुलगा कुलजित यानं सिंथ आणि ड्रम मशीनवर रचलेल्या चालींवर 'पंजाबी डिस्को' गायला. तोही 1982 चाच. ही रेकॉर्ड 2025 मध्ये नया बीट या लेबलनं काढली, सोबत आजच्या निर्मात्यांचे रीमिक्सही जोडले.

नया बीटवर लक्ष ठेवा, असं मी हक्कानं सांगेन. लॉस एंजेलिसचं हे लेबल रॅग्ज आणि टर्बोटिटो ही दोन माणसं चालवतात. 2021 मध्ये त्यांनी दक्षिण आशियाई डान्स आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचं पहिलं संकलन काढलं, 1983 ते 1992 या काळातलं. हरवलेल्या रेकॉर्ड शोधायच्या, त्यांचे कलाकार शोधायचे, परवानगी घ्यायची, नाव ठसठशीत छापायचं, असा यांचा धंदा. 2023 मध्ये ब्रिटनमधून आलेला 'एनआयडी टेप्स' हा संग्रहही मिळवाच. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये 1969 ते 1972 या काळात मूग सिंथेसायझरवर केलेले प्रयोग आहेत त्यात. संस्थेच्या कपाटातल्या टेप पॉल पुर्गस यांनी हुडकल्या. त्यात जिनराज जोशीपुरा नावाच्या आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोराची अंतराळप्रवासाची धून आहे. अख्ख्या संग्रहात मला सगळ्यात आवडली तीच.

आपल्या देशात आजच्या संगीतासाठी लेबलं नाहीत असं नाही. दिल्लीचं किल्ला रेकॉर्ड्स आहे, मुंबईचं नृत्य आहे. न्यूक्लियानं तर 2015 मध्ये 'बास रानी' हा अल्बम चक्क फुकट डाउनलोडला ठेवला, आणि त्यातला मसाला सगळा गल्लीतला, मिरवणुकीतला. पण गल्लीतला जो मूळ माणूस, ज्याच्या पॅडवर हा मसाला कुटला जातो, त्याचं लेबल कुठंय?

"मग आपणच काढू," मामेभाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हळदीचे डाग पडलेल्या पाटावर लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो. मी नोकरीत दिवसभर एक्सेलच करतो, म्हणून तेवढं माझ्याकडे. लेबल म्हणजे ऑफिस, स्टुडिओ, लोगो छापलेले टी-शर्ट, असं त्याच्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात ते आहे कागदपत्र. ट्रॅक डिस्ट्रिब्यूटरमार्फत अपलोड करताना प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा कोड मिळतो. गाडीला नंबरप्लेट असते तसा. पुढे गाणं कुठंही वाजलं तरी तो कोड मालकाकडे बोट दाखवतो. बँडकॅम्पवर थेट विकलं तर ते डिजिटल विक्रीतले 15 टक्के ठेवतात, बाकीचे आपल्याकडे, वरून पैसे पाठवण्याचा खर्च जातो. स्ट्रीमिंगचे पैसे? त्यावर चहासुद्धा उधार मिळणार नाही, हे मी त्याला आधीच सांगून टाकलं.

त्याच्या फोल्डरमध्ये एकशे दहा ट्रॅक होते. त्यातले शंभरेक सिनेमाच्या गाण्यांचे रीमिक्स. ते सगळे बाद, कारण मूळ गाणं म्युझिक कंपनीचं. त्यानं फार वाईट वाटून घेतलं नाही. "दुसऱ्याच्या बांधीतला धान आहे तो, आपल्या घरी कसा आणता येईल," म्हणाला. उरले नऊ-दहा. त्यात तो वरातीतला.

"कलाकार या रकान्यात काय लिहू?" मी विचारलं.

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं.

"आणि ताशा?"

"ताशा मोबाइलवर रेकॉर्ड केला होता ना. धुमालवाल्यांचा, त्यांची प्रॅक्टिस चालू होती तेव्हा."

"त्यांना माहीत आहे?"

तो गप्प. मीही गप्प. खरं सांगायचं तर मला हा प्रश्न विचारायचा नव्हता. काल रात्री ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून मी पोटतिडकीनं बोललो, तोच आज समोर लाल कान करून बसला होता.

"दादा, तो ताशा मी कापला, जोडला, त्याचा स्पीड बदलला. आता तो माझाच झाला ना?" थोडा वेळ त्यानं असा वाद घातला. मी म्हटलं, तुझा ट्रॅक चोरणाऱ्यानंही त्यात स्वतःचा आवाज घातलाच की. तो ताडकन उठला, गाडीला किक मारली आणि गेला. घरात सगळे म्हणाले, पुण्याहून येऊन पोराला नाराज केलं. मामी तर जेवताना माझ्याशी बोललीच नाही.

संध्याकाळी तो परतला, खिशात वहीचं चुरगळलेलं पान. धुमालवाले चौघं. ताशाचे दोन, ड्रमचा एक, ऑक्टोपॅडचा एक. ताशावाल्यांपैकी एक जण पन्नाशीचा, त्याला वाटलं पोलिसांची भानगड आहे, म्हणून आधी नावच सांगेना! आपला ताशा गाण्यात आहे हे ऐकून मग त्यानं मोबाइलवर तो ट्रॅक चार वेळा वाजवून घेतला. पैशांचं ठरलं ते असं: जे येईल त्यातलं निम्मं मामेभावाचं, निम्मं चौघांत सारखं. साध्या कागदावर पाच सह्या, त्यातला एक अंगठा. वकील हसेल कदाचित. पण बऱ्याच मोठ्या मंडळींकडे एवढाही कागद नसतो.

मी एक्सेलमध्ये नावं भरायला घेतली. चौथ्या नावापुढे गावाच्या जागी पुनर्वसनाच्या वसाहतीचं नाव टाकलं, तसा मामेभावानं माझा हात धरला.

"तो म्हणला, जुनं गाव लिहा."

"ते तर पाण्याखाली आहे ना?"

"मंग? ताशा तो तिथंच शिकला."

मी बॅकस्पेस दाबला आणि जुन्या गावाचं नाव टाइप केलं. स्पेलिंग काही केल्या जुळेना, तेव्हा मामीला विचारलं. तिनं दारातूनच सांगितलं, अजून रागातच होती.