घरातली यंत्रं : ड्रायर खडखडतो तेव्हा

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो आणि तिथली सेंट्रिफ्यूगल मशिनं थांबतात. जूनमध्ये पाऊस लागला की गावातल्या घराघरात छोटी सेंट्रिफ्यूगल सुरू होतात. यात अतिशयोक्ती नाही. कारखान्यात साखरेचे दाणे आणि मळी यांचा दाट लगदा जाळीदार पिंपात घालून गरागरा फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, दाणे आत राहतात. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या लहान टबात तेच घडतं, फक्त दाण्यांच्या जागी कपडे आणि मळीच्या जागी पाणी. परदेशातल्या नातेवाइकांकडे ड्रायर म्हणजे गरम हवेचं, आडव्या ड्रमचं मशीन. त्यात पट्टा आणि रोलर वाजतात, ते प्रकरण निराळं. आपल्याकडे ड्रायर म्हणतात तो हा पिळणारा टब.

त्याची मोटर साधारणपणे चार पोलची असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला १,५०० ला थोडे कमी, समजा १,३५० फेरे घेते. टबाची त्रिज्या १२ सेंटीमीटर धरली, तर कडेला चिकटलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे २४० पट जोर येतो. म्हणजे एका अंगाला नुसते १०० ग्रॅम जास्त झाले, तरी टब त्या बाजूला २४ किलोच्या जोराने ओढला जातो, आणि ही बाजू सेकंदाला २२ वेळा फिरत असते. आवाजाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या हिशेबात आहे. वाकळ किंवा जाड चादर एकटीच कोंबली की ती एका कडेला गोळा होते आणि मशीन न्हाणीघरात चालायला लागतं. जड कपडा असेल तर तो टबाच्या कडेने गोल बसवावा, मध्ये पोकळी ठेवावी आणि वरून प्लॅस्टिकची चकती दाबून लावावी. ही चकती कित्येक घरांत मशीन आणल्यापासून महिन्याभरातच हरवलेली असते.

साखरवाल्यांनाही हाच त्रास होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हवाईत डेव्हिड वेस्टनने ऊस-साखरेसाठी सेंट्रिफ्यूगल बनवलं. पुढे त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मशिनांत पिंप वरून टांगलेलं असे आणि आधाराशी रबर असे, म्हणजे तोल गेला तरी पिंपाला स्वतःहून सावरायला वाव मिळे. तुमच्या ड्रायरची मोटर खाली तीन स्प्रिंगांवर उभी असते, तीही याच कारणासाठी.

टब रिकामा असतानाही खडखडत असेल तर मात्र मशीन उघडावं लागतं. त्याआधी चारही पाय फरशीला टेकतात का ते बघा. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. मग प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागचं झाकण उघडल्यावर कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते.

आता आवाज ओळखायचा. 'ठकठक' येत असेल आणि फेरे वाढले की ती वाढत असेल, तर मोटर आणि टबाचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला असतो. तो आवळला की काम झालं. मशीन धडाधड बाजूंना आपटत असेल तर स्प्रिंग गेली. एकच तुटलेली दिसली तरी तिन्ही बदलाव्यात, कारण जुन्या दोन नव्या एकीपेक्षा बसक्या असतात आणि तोल पुन्हा बिघडतो. बारीक 'किणकिण' म्हणजे टबाच्या आणि बाहेरच्या भांड्याच्या मध्ये नाणं, हूक, नाहीतर कारखान्यातून आलेल्या पँटच्या खिशातला नट.

घासल्यासारखा आवाज आणि सोबत जळका वास आला तर ब्रेक बघा. झाकण उघडलं की ब्रेकची पट्टी मोटरवरच्या चाकाला टेकते, लावलं की तार तिला ओढून सोडवते. तार सैल पडली की पट्टी चाकावर टेकलेलीच राहते. अशा वेळी मोटर गुणगुणते, तापते, पण टब जोर धरत नाही. बऱ्याच मशिनांत तारेच्या टोकाला खाचा असतात, एक खाच पुढे अडकवली की पुरतं. गावाकडे मशीनच्या खालच्या उघड्या बाजूने उंदीर शिरतात, तेव्हा वायरही कुरतडलेली नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्यावं.

सगळ्यात वाईट तो 'किर्र' आवाज. टबाखालचं रबरी सील फाटलं की साबणाचं पाणी दांड्याच्या बुशात उतरतं, गंज धरतो आणि थेंब खाली मोटरवर पडतात. वरून खोबरेल सोडलं तर आवाज थोडे दिवस दबतो, गळती चालूच राहते. सील आणि बुश बसवायला टब काढावा लागतो, ते मिस्त्रीकडून करवून घ्या. तोवर ड्रायर चालवू नका, नाहीतर सीलच्या कामात मोटरचं वायंडिंगही येऊन बसेल.