खंदकातून आणि कोठडीतून निघालेली वृत्तपत्रे

रायपूर : युद्धात शस्त्रे आणि रसद यांच्याइतकेच सैनिकाचे मनोधैर्य महत्त्वाचे असते. ते टिकवण्यासाठी लष्करांनी वृत्तपत्रे आणि सचित्र नकाशांचा पद्धतशीर उपयोग केला. ब्रिटिश भारतीय लष्करासाठी ‘फौजी अखबार’ २ जानेवारी १९०९ रोजी अलाहाबाद येथून सुरू झाला. १९५४ मध्ये त्याचे नाव ‘सैनिक समाचार’ झाले. त्याची मराठी आवृत्तीही निघत आली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने १९४२ पासून ‘न्यूजमॅप’ हे साप्ताहिक भित्तिपत्रक काढले. त्यातील नकाशे व छायाचित्रांवरून दूरच्या तळावरील सैनिकाला सर्व आघाड्यांची स्थिती एका दृष्टिक्षेपात समजत असे.

ही प्रकाशने लष्कराकडून सैनिकापर्यंत येत. सैनिकांनी स्वतः काढलेल्या पत्रांचा सूर मात्र निराळा होता. बेल्जियममधील ईप्र येथे ब्रिटिश सैनिकांना उद्ध्वस्त शहरात एक छपाईयंत्र सापडले आणि १२ फेब्रुवारी १९१६ रोजी ‘वायपर्स टाइम्स’चा पहिला अंक निघाला. खिळे अपुरे असल्याने एका वेळी एकच पान जुळवता येई. ‘वायपर्स’ हा सैनिकांनी ‘ईप्र’चा केलेला अपभ्रंश. पत्रातील खोट्या जाहिराती आणि विडंबने तोफांच्या छायेतील माणसांना हसवत.

याच जातीचा एक प्रयत्न रायपूरच्या तुरुंगात झाला. तेथील सैनिक मात्र निःशस्त्र होते. राजिमजवळच्या चमसूर येथे जन्मलेले कवी व समाजसुधारक पंडित सुंदरलाल शर्मा यांना असहकार आंदोलनाच्या काळात, १९२२ मध्ये कारावास झाला. तेथे त्यांनी ‘श्रीकृष्ण जन्मस्थान समाचार पत्र’ हे हस्तलिखित काढले. कृष्णाचा जन्म बंदिशाळेतला. त्यामुळे हे नाव घेताच तुरुंगाची नामुष्की ओसरून तेथे असणे भूषणाचे ठरत होते.

‘वायपर्स’ आणि ‘जन्मस्थान’ या दोन्ही नावांमागे एकच युक्ती दिसते : ज्या जागेची धास्ती वाटावी, तिला आपणच नाव द्यायचे. अधिकृत पत्र सैनिकाला युद्ध समजावते. सोबत्याने काढलेले पत्र तो एकटा नाही, हे सांगते. छापील पत्राच्या अनेक प्रती उरतात, हस्तलिखिताची बहुधा एकच. म्हणून घरोघरी असलेले असे जुने कागद जपण्याची निकड अधिक आहे.