एडिटिंगसाठी पीसी घेताय? आधी सॉकेट बघा, मग प्रोसेसर



लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम सुरू करणारी मंडळी मला हमखास विचारतात, "सर, इंटेल घेऊ की रायझन?" पैसे बऱ्याचदा कर्जाचे असतात आणि लग्नसराई तोंडावर आलेली असते. त्यामुळे व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहितोय.

तुम्ही नुसता प्रोसेसर घेत नसता. त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि रॅमसुद्धा ठरून जाते. प्रोसेसर बोर्डावर जिथे बसतो ते सॉकेट. दोन-तीन वर्षांनी काम वाढलं, तर फक्त प्रोसेसर बदलून भागेल की बोर्डही बदलावा लागेल, हे त्या सॉकेटवर ठरतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. २०१७ साली साधा बी३५० बोर्ड घेतलेल्या अनेकांना बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर बसवता आला. सध्याचं एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालवू, असं कंपनीने जाहीर केलंय. इंटेलचं एलजीए१७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चाललं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा आले ते एलजीए१८५१ वर. म्हणजे जुन्या बोर्डावर ते बसत नाहीत.

मग डोळे झाकून एएम५ घ्यायचं का? थांबा, आधी तुमचा कॅमेरा बघा. सोनी, कॅननचे बरेच नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये शूट करतात. ही फाइल टाइमलाइनवर फार जड जाते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक ती हार्डवेअरवर उलगडतं, प्रीमियर प्रोला त्याचा थेट फायदा होतो. रायझन ७००० आणि ९००० च्या अंगच्या ग्राफिक्सला हे जमत नाही. तिथे एनव्हिडियाचं आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड लावलं तर अडचण सुटते, पण कार्डाचे पैसे हिशोबात धरा.

आणि हो, इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही! हजार-दोन हजार वाचवायला लोक नेमका तोच घेतात आणि मग म्हणतात पीसी अडकतोय.

सेकंड हँड बघत असाल तर तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे इंटेल प्रोसेसर जपून घ्या. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट आला, वॉरंटीही २ वर्षांनी वाढली. पण आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही. बिल आणि वॉरंटी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

गेमिंग कॅफेवाल्यांचं गणित वेगळं. तिथे ग्राफिक्स कार्डावर जास्त पैसे घाला. एक्स३डी प्रोसेसर गेममध्ये मस्त चालतात, पण साध्या सीटला त्यांची गरज नाही.

बिल मात्र व्यवसायाच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या. नियमित नोंदणी असेल तर १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

ऑर्डर देण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्याचं १० मिनिटांचं फुटेज पेनड्राइव्हवर घ्या आणि तशाच पीसीवर, दुकानात किंवा मित्राकडे, चालवून बघा. तीन लेअर टाका, कलर करा. टाइमलाइन तिथे अडकली, तर घरी आणूनही अडकणारच.