सातशे सत्त्याहत्तरचा मोह

राजूरच्या एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक आहे असं समजा. मुलांच्या प्रकल्पांच्या फोल्डरमध्ये इयत्तांची फोल्डर, त्यांत विषयांची, त्यांत शेकडो फाइली. वाचायला सर्वांना मुभा, बदल मात्र शिक्षकांनीच करायचे. त्यासाठी एकेक फाइल हाताळावी लागत नाही. परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ या आज्ञेला ‘-आर’ जोडलं, की ती तळापर्यंत स्वतःच उतरत जाते.

राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून आश्रमशाळांना जाणाऱ्या परिपत्रकासारखंच हे. निघतं एक, पोचतं सगळीकडे. पण वर्ग आणि स्वयंपाकघर यांना एकच नियम लावला तर?

तीच अडचण इथे येते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि ‘एक्स’चा १. यांच्या बेरजेचे तीन आकडे: मालक (इथे शिक्षक), गट आणि इतर यांच्यासाठी. फाइलवर एक्स असेल तर ती प्रोग्रॅम म्हणून चालवता येते. फोल्डरवर असेल तर आत शिरता येतं. म्हणून फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ योग्य. सरसकट ६४४ दिलं, तर साध्या वापरकर्त्याची आज्ञा वरच्याच फोल्डरचा एक्स आधी काढून घेते आणि मग तिलाच आत जाता येत नाही! सरसकट ७५५ दिलं, तर निबंधाची फाइलही चालवण्याजोगी ठरते.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. आकड्यांऐवजी अक्षरांत परवानगी लिहायची आणि एक्स कॅपिटल काढायचा. तो फोल्डरांना लागू होतो. फाइलींपैकी फक्त ज्यांच्यावर आधीच एक्स आहे त्यांना.

घाईत मात्र अनेक जण ७७७ देऊन मोकळे होतात: सगळ्यांना सगळं. सिस्टीमच्या फोल्डरांवर ‘रूट’च्या म्हणजे सर्वोच्च अधिकाराने असं केलं, तर हा अधिकार मिळवून देणारं ‘सुडो’च बंद पडतं, कारण त्यावरची ‘सेटयूआयडी’ खूण पुसली जाते. ही खूण असलेला प्रोग्रॅम तो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या अधिकाराने चालतो. म्हणूनच पासवर्ड साठवलेली फाइल उघडताही न येणारा सामान्य वापरकर्ता स्वतःचा पासवर्ड बदलू शकतो.

सेटयूआयडीची ही कल्पना, लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांची. नोव्हेंबर १९७१च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ती ‘सीएचमॉड’सोबत आढळते. १९७९मध्ये रिचींच्या नावे तिचं पेटंट मंजूर झालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. ऑक्टोबर २०११मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्यापाठोपाठ आठवड्याभरातच रिची गेले. जगभर शोक झाला तो जॉब्स यांचा. रिचींचं नाव संगणकक्षेत्राबाहेर फारसं पोचलंच नाही, आणि ही उपेक्षा बोचते. लिनक्सवर ‘एलएस -एल’ने पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम जरूर पाहा: मालकाच्या परवानगीत एक्सच्या जागी ‘एस’ दिसतो, तो रिचींच्या याच कल्पनेचा.